शेवटच्या बांधीचा चिखल

चंद्रपूर,
२९ ऑगस्ट

चि. गोकुळा हिस देवरावकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. उत्तराआधी तुला एक कोडे घालतो. शिक्षकी पेशाची खोड आहे, निवृत्तीनंतरही गेली नाही. जानेवारीत तुझ्या बाबांना, मनसारामदादाला, लकव्याच्या उपचारासाठी तू इथे आणलेस तेव्हा आठ दिवस माझ्या घरी होतीस. पहिल्याच सकाळी न्हाणीघरातले तुझे ओरडणे माझ्या बहिऱ्या कानांनाही ऐकू आले. गरम पाण्याची तोटी फिरवली, पाणी थंडच. आणखी फिरवली, तरी थंड. आणखी फिरवली आणि एकदम चटका. घाबरून बंद केली, तर पाणी पुन्हा बर्फासारखे. हा अनुभव लॉजमध्ये, पाहुण्यांच्या घरी, सगळ्यांना येतो. तोटी चांगली, गिझर चांगला, माणूस शहाणा. मग चटका का बसतो?

बसतो तो उशिरामुळे. माझा गिझर गच्चीवर आहे आणि तोटीपर्यंत लांबलचक नळी आहे. अंगावर आत्ता पडणारे पाणी म्हणजे अर्ध्या मिनिटापूर्वी तोटी जिथे होती, तिथला निकाल. आपली कातडी जुनी बातमी वाचते आणि हात त्या जुन्या बातमीवर नवा हुकूम सोडतो.

आता तुझी नहर बघ. तू लिहितेस की योजनेतून येंगलटोल्याच्या तलावाला पाण्याची उंची मोजणारा एक सेन्सर आणि मोटरवर चालणारे एक गेट मिळाले. गेट बसवले तुडुमावर, म्हणजे तलावाच्या बांधातून पाणी सोडायच्या तोंडावर. आणि सेन्सर बसवला चार किलोमीटर खाली, धुरपताबाईंच्या शेवटच्या बांधीत, म्हणजे नहरीच्या टोकाच्या धानखाचरात. तेव्हापासून त्या बांधीत सकाळी गुडघाभर पाणी आणि संध्याकाळी भेगा, असा झोका चालू आहे. दसऱ्यापर्यंत पाण्याची पाळी नीट झाली नाही, तर पाणकराचे, म्हणजे शेतोशेती पाणी वाटायचे, काम तुझ्याकडून काढून अध्यक्ष भूपेशच्या साळ्याला देणार, असे पाणीवाटप संस्थेच्या बैठकीत ठरले आहे.

सेन्सर तिथे का बसवला, हे तू लिहिले नाहीस. पण मी त्याच गावचा आहे. शेवटच्या बांधीचा ओला चिखल पाणकराच्या ओंजळीत पडून तो तुडुमाच्या दगडाला लागल्याशिवाय आपल्याकडे पाळी झाली असे कोणी मानत नाही. गावाने यंत्रालाही चिखलाच्या जागी बसवले. न्याय म्हणून ते योग्यच आहे. पण चिखल हा साक्षीदार आहे, गोकुळा. साक्षीदाराच्या हाती सुकाणू दिले की नाव झोके खाणारच.

मला काही मोजमापे हवीत. तुडुमापाशी पळसाचे एक पान सोड आणि त्याच्याबरोबर शेवटपर्यंत चालत जा. किती वेळ लागला ते लिही. दुसऱ्या दिवशी गेट चार बोटे उचल आणि शेवटच्या बांधीत पाणी चढायला किती वेळ लागतो ते पाहा. आणि शेतकऱ्यांच्या नेहमीच्या तोंडांखेरीज मध्ये कुठे पाणी नहरीत शिरते वा नहरीतून बाहेर जाते का, तेही कळव. फोन करू नकोस. फोनवर मला अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे मी मनाने भरतो. हिशेबाला ते घातक आहे.

तुझा,
देवरावकाका

•

येंगलटोला, ता. कुरखेडा
४ सप्टेंबर

आदरणीय काकाजींना गोकुळाचा पाया पडून नमस्कार.

पत्र भेटलं. त्या न्हाणीघराची आठवण कशाला काढता? पाठीवर आठ दिवस चट्टा होता.

पान सोडलं. सकाळी सात वाजता सोडलं आणि नऊ पन्नासला शेवटच्या बांधीत पोहोचलं. तीनदा गवतात अडकलं, तीनदा काडीनं काढून दिलं. काठावरच्या बाया हसत होत्या. एक म्हणे, "गोकुळे, बकरी सोडून आता पान चारून राह्यली का वं?" मी म्हटलं, पान नाई, चंद्रपूरचे काकाजी मले चारून राह्यले.

दुसऱ्या दिवशी गेट चार बोटं उचललं. धुरपताबाईला शेवटच्या बांधीत काडीवर खूण करून, माझा मोबाइल देऊन बसवलं. पाणी एक तास पंचेचाळीस मिनिटांत चढलं. पानाच्या तासभर आधी! मले वाटलं, तिनं वेळ चुकीची पाहिली. तशी तिनं मलेच झापलं, "मी शाळेत नाई गेली म्हणून का मले आकडेबी दिसत नाई? पाणी आलं तवा आलं. तुह्या पानाले झोप लागली असंल." काकाजी, पाणी पानापेक्षा पुढे कसं जाईल? पान तर पाण्यावरच बसलं होतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, मधात काहीच नाही.

बाबा तसेच आहेत. डावी बाजू गेलेलीच, बोलणंही परत आलं नाही. दिवसातून चार-पाच वेळा उजवा पाय खाटेबाहेर काढून दाराकडे लांब करतात. चप्पल मागतात वाटते. देते तर पायानं ढकलून देतात. नहरीवर दिवसाला तीन खेपा, मग त्यांची कूस बदलणं, मग संस्थेची वही. संध्याकाळी पायांत गोळे येतात, पण कोणाले सांगू? भूपेशभाऊ म्हणतात, "बाई, तुले जमत नसंल तं सांगून दे, आम्ही का तुह्यावर रागावणार हावो का?" प्रेमानंच म्हणतात. तेच जास्त लागते.

आपली,
गोकुळा

•

चंद्रपूर,
८ सप्टेंबर

चि. गोकुळा हिस आशीर्वाद.

धुरपताबाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांची क्षमा माग. त्यांनी अगदी बरोबर मोजले. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांना जे पटवताना खडू झिजला, ते त्यांनी काडी रोवून दाखवले. पाण्याचा वेग वेगळा आणि पाण्याच्या बातमीचा वेग वेगळा. रेशनच्या रांगेत मागून कोणी धक्का दिला, तर तो पुढच्या माणसाला क्षणात लागतो. धक्का देणारा मात्र जागीच असतो. पान हा रांगेतला माणूस. तू उचललेल्या चार बोटांची लाट हा धक्का. अशा उथळ नहरीत धक्का साधारण पाच पावले जातो तेव्हा माणूस तीन. तुझे एकशे सत्तर मिनिटे आणि बाईंचे एकशे पाच. भागून पाहा, जवळजवळ नेमके जुळते. पत्र वाचून मी कितीतरी दिवसांनी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या घातल्या.

आता झोक्याचे कारण सरळ आहे. शेवटी पाणी कमी दिसले की यंत्र दर पंधरा मिनिटांनी गेट एक खाच उघडते. पहिल्या खाचेची बातमी शेवटी पोहोचायला एकशे पाच मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात ते बिचारे आणखी सात वेळा उघडून बसते. मग सगळे पाणी एकदम येते आणि ते घाबरून सात वेळा बंद करते. न्हाणीघरातली तूच ती.

उपाय, उशीर काढून टाकायचा. सेन्सर तिथून उपटून तुडुमाच्या खाली दहा पावलांवर बसव. गेट हलले की लगेच त्याला कळेल. तिथे अकरा बोटे पाणी राखले, तर शेवटपर्यंत पुरेसे जाईल, असे तुझ्या मापांवरून दिसते. मधात काही शिरत नाही, निघत नाही, तर चिंताही नाही. हे मी तीस वर्षे फळ्यावर शिकवले आहे.

तू विचारतेस याचे समाधान वाटते. दादाने कधी विचारले नाही. पस्तीस वर्षे पाणकर असताना तो नहरीकाठच्या मोहाच्या झाडाखाली तंबाखू मळत बसायचा आणि त्याला पाणी पाहणे म्हणायचा. तीस वर्षांपूर्वी घरातल्या एका लग्नात, चार पाहुण्यांदेखत, मी त्याला तसे बोलूनही दाखवले होते, "दादा, बसल्या जागी पगार देणारी नोकरी मलाही बघ." सगळे हसले. तो हसला नाही. त्यानंतर पाण्याचा विषय त्याने माझ्यासमोर पुन्हा काढला नाही.

तुझा,
देवरावकाका

•

येंगलटोला
२४ सप्टेंबर

काकाजींना नमस्कार.

उशीर झाला, लिहायची हिंमत होत नव्हती.

तुम्ही सांगितलं तसा सेन्सर हलवला. गेट एकदम शांत झालं. अकरा बोटं म्हणजे अकरा बोटं, केसभर हलेना. गावातले लोक पाहायले आले. भूपेशभाऊंनी पाठीवर थाप मारून म्हटलं, "पोट्टी हुशार हाय." चौथ्या दिवशी बाबांना ताप चढला म्हणून त्यांना कुरखेड्याच्या दवाखान्यात नेलं. तीन दिवस तिथं राहिली. यंत्र आहे म्हणून निश्चिंत राहिली, काकाजी. जानेवारीपासून पहिल्यांदा मी दुपारी झोपली.

परत आली तर ढग गेलेले, ऊन कडक. वरच्या शेतकऱ्यांनी आपापली तोंडं जास्त फोडून घेतलेली. त्यांचंही चुकलं नाही, त्यांचाही धान पोटरीत, लोंबी फुटायच्या बेतात होता. तुडुमाखाली सेन्सर अकरा बोटंच दाखवत होता. त्याच्यापुढे काय झालं, ते त्याले काय माहीत? शेवटी पाणी पोहोचलंच नव्हतं. धुरपताबाईच्या तीन बांध्यांतली एक गेली. लोंब्या बाहेर आल्या त्या पांढऱ्याच. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं खाली वाकून एक कोरडं ढेकूळ उचललं, माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "घे. लाव आता दगडाले."

ते ढेकूळ अजून ओसरीवर आहे. टाकवत नाही.

आता खरं लिहिते. मधात काहीच नाही, असं मी लिहिलं ते खोटं होतं. अर्ध्या वाटेवर, मोहाच्या वळणावर, नहरीच्या काठाले एक तोंड आहे. त्यातून पाणी आमच्या बोडीत, त्या लहान तळ्यात जाते, जिथं बाबा मासोळ्या पाळत. संस्थेच्या नकाशावर ते तोंड नाही. एका चपट्या दगडानं ते झाकलं जाते. लहानपणापासून पाहत आली, बाबा मोहाखाली बसून उजवा पाय नहरीत सोडून राहत आणि मधेच उठून तो दगड थोडा सरकवत. मोठी झाल्यावर समजलं, हे तर चोरीचं पाणी. सगळ्या गावाच्या पाण्यातून आपल्या मासोळ्यांले. फेब्रुवारीत काम माझ्या हाती आलं तेव्हा सगळ्यात आधी मी ते तोंड चिखलानं बुजवलं. कोणाले सांगितलं नाही. बापाची चोरी तर बंद झाली, असं वाटलं. भूपेशभाऊंले कळलं तर पस्तीस वर्षांचं नाव जाईल.

मी थकली, काकाजी. काम गेलं तर जाऊ द्या. एवढंच सांगा, मी लपवलं म्हणून तुमचं गणित चुकलं का?

गोकुळा

•

चंद्रपूर,
२७ सप्टेंबर

चि. गोकुळा,

गणित तुझ्यामुळे चुकले नाही. वरचे शेतकरी नहर फोडतात, हे कळायला मला तुझ्या पत्राची गरज नव्हती. मी त्या गावात वाढलो. ज्या सेन्सरला बिघाड दिसत नाही तो शांत राहतो, आणि त्या शांततेला मी यश समजण्याचा सल्ला दिला. एका टोकाला उशीर होता, तो काढायला मी यंत्राला दुसऱ्या टोकाला नेऊन आंधळे केले. परीक्षेत एखाद्याने असे उत्तर लिहिले असते, तर मी शेजारी लाल शाईने 'घाई' असे लिहिले असते. धुरपताबाईंच्या त्या बांधीचे उत्तर मी त्यांना समोर येऊन देईन.

तुझे पत्र मी चार वेळा वाचले. एक गोष्ट मनातून जात नाही. ज्याला मासोळ्यांसाठी पाणी चोरायचे आहे, तो दगड सरकवतो आणि घरी जातो. त्याला पाय बुडवून दिवसभर बसावे लागत नाही.

बोडीच्या उताराकडच्या काठाला जा. जिथे बोडी पुन्हा नहरीच्या जवळ येते, तिथे काठ खणून पाहा. काही सापडले अथवा न सापडले, तरी लगेच लिही. तोवर कोणाजवळ बोलू नकोस.

देवरावकाका

•

येंगलटोला
२ ऑक्टोबर

काकाजींना नमस्कार.

कोणाजवळ बोलू नको म्हटलं होतं, पण मी धुरपताबाईले घेऊन गेली. तिच्यापासून आता आणखी काही लपवणं माझ्याच्यानं झालं नसतं. वाटेत सगळं सांगितलं. तिनं कुदळ आपल्या खांद्यावर घेतली.

बेशरमाची झाडं तोडली, हातभर खणलं. भाजल्या मातीचा नळ निघाला, मांडीएवढा जाड. तोंडाले धानाचं तणस आणि चिखलाचा गोळा. कितीतरी वर्षांचे थर होते. काढायचा, पुन्हा लावायचा, असे. धुरपताबाईनं गोळा ओढला आणि बोडीतलं उरलंसुरलं पाणी भसकन नहरीत आलं. मोहाच्या खालच्या नहरीत, काकाजी. तिच्या शेताकडे जाणाऱ्या.

ती तिथंच मातीत बसली. म्हणाली, "वरती नहर कोरडी अन् माह्या बांधीत पाणी, असं कितीदा झालं. माहा म्हातारा म्हणे, पेनाची दया. मी दरसाल कोंबडा देत होती त्याले." (पेन म्हणजे त्यांचा देव.) मग पदर तोंडाले लावून हसायले लागली. "कोंबडा तं तुह्या बापाले पाह्यजे होता."

घरी येऊन बाबांपुढे बसली. त्यांनी उजवा पाय बाहेर काढला, रोजच्यासारखा. या वेळी चप्पल दिली नाही. घमेल्यात नहरीचं पाणी आणलं होतं, ते पायाखाली धरलं आणि हातानं हळूहळू हलवलं. पाय स्थिर झाला. डोळे मिटले. नऊ महिने मी त्यांना चप्पल देत होती.

दसरा बावीस दिवसांवर आहे. धानाले अजून एक पाणी पाहिजे. यंत्राचं काय करू ते सांगा. या वेळी काही लपवत नाही. तुम्हीही घाई करू नका.

गोकुळा

•

चंद्रपूर,
६ ऑक्टोबर

चि. गोकुळा हिस आशीर्वाद.

घाई केली नाही. दोन दिवस फक्त नकाशा काढत बसलो. थकवा येतो आता, पण हा थकवा हवासा होता.

वाहत्या गोष्टीला वळण लावायचे असेल, तर दोन जागा ठरवाव्या लागतात, एक डोळ्याची, दुसरी हाताची. बिघाड सर्वांत ठळक दिसतो तो शेवटी. पण तिथे पाहून हात हलवायला उशीर झालेला असतो. सुरुवातीला हात सर्वांत जास्त चालतो. पण तिथे पाहण्यासारखे अजून काही घडलेलेच नसते. गावाने डोळा शेवटी ठेवला आणि हात चार किलोमीटर मागे. मी दोन्ही सुरुवातीला नेले. दादाने दोन्ही मोहाच्या वळणावर ठेवले होते.

ती जागाच का? नहर फोडणारे बहुतेक शेतकरी वळणाच्या वर आहेत, आणि रानाच्या उतारावरचे पावसाचे पाणीही तिथपर्यंत नहरीत येऊन मिळते. म्हणजे जो गोंधळ व्हायचा तो वळणापर्यंत होऊन गेलेला असतो, पायाला कळतो. आणि खालच्या बांध्या अजून पुढे आहेत; सावरायला वेळ असतो. पाणी जास्त वाटले तर दगड सरकवून बोडीत. कमी पडले तर बोडीतून मातीच्या नळाने परत. बोडी म्हणजे मासोळ्यांचे घर खरेच, पण त्याआधी ती गावाची पाण्याची कोठी होती. नकाशावर नव्हती, कारण नकाशा काढणाऱ्याने दादाला विचारले नाही. मीही विचारले नाही. तू चोरी पाहिलीस, मी आळस पाहिला. आपण दोघांनी एकाच माणसाची अर्धी अर्धी गोष्ट चुकीची वाचली.

आता काम. मोटरचे गेट तुडुमावरून काढून वळणावरच्या त्या तोंडाला लाव. सेन्सर त्याच्या वर वीस पावलांवर, म्हणजे बातमी आधी येईल आणि हात नंतर हलेल. त्याहून फार वर नेऊ नकोस. मधे जे घडेल ते त्याला दिसणार नाही. तुडुम पूर्वीसारखे हातानेच उघड, गरजेपेक्षा दोन बोटे जास्त. तेवढे जास्तीचे पाणी नेहमी बोडीत जात राहील. वर कोणी नहर फोडली की गेट बोडीचे तोंड मिटेल आणि तेच पाणी खाली जाईल. फार ओढ पडली, तर मातीचा नळ आहेच.

यासाठी बैठकीत बोडीची गोष्ट उघड करावी लागेल. ती तूच कर. भूपेशला आकडे सांगू नकोस, तो ऐकणार नाही. एक अगरबत्ती घेऊन जा. तिचे काय करायचे ते सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे.

दादाला माझ्याकडून काही सांगू नकोस. तीस वर्षे राहिलेले बोलणे पत्रातून पाठवायचे नसते. दिवाळीला येतो.

तुझा,
देवरावकाका

•

येंगलटोला
२३ ऑक्टोबर

आदरणीय काकाजींना पाया पडून नमस्कार.

उद्या दसरा. सगळं क्रमानं लिहिते, तुम्हाला तसंच आवडते.

बैठक समाजमंदिरात झाली. मी उभी राहिली आणि बोडी, दगड, मातीचा नळ, फेब्रुवारीत मी बुजवलेलं तोंड, सगळं सांगितलं. गलका झाला. मागून कोणीतरी म्हणालंच, "म्हंजे पस्तीस साल मासोळ्या आमच्या पाण्यावर वाढल्या!" तशी धुरपताबाई उठली. "अन् तुम्ही वरून नहर फोडली तवा माहा धान कोणाच्या पाण्यावर वाढला? मासोळ्यायले तरी उपकार समजते." एक म्हातारे बापूजी हसले, मग बाकीचेही.

मग मी दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि अगरबत्ती पेटवली. भूपेशभाऊ म्हणाले, "आता का पूजा करून राह्यली का?" मी म्हटलं, "भाऊ, धूर पाहा. खाली वीतभर सरळ चालला, वर जाऊन वेडावाकडा झाला. तुम्ही त्याले बिना विझवता बदलवून दाखवा." ते पुढे आले आणि जिथं धूर वाकडा होता तिथं जोरात फुंकले. वरचा धूर फाटला, खालचा काही हलला नाही. लगेच पुन्हा तसाच. तीनदा फुंकले. खोकले. मग मी निखाऱ्यापासून दोन बोटं वर, धुराच्या कडेले फक्त करंगळी नेली. करंगळीपासून वरपर्यंत सगळी धार बदलली. मी म्हटलं, "बिघाड वर दिसते, पण वर ऐकत नाई. वरचा धूर म्हणजे शेवटची बांधी; तिथं मशीन लावून आपण बिघाड होऊन गेल्यावर हात हलवून राह्यलो होतो."

भूपेशभाऊंनी स्वतःही करंगळी नेऊन पाहिली. मग म्हणाले, "मनसारामभाऊ हे पायानं करत होता?" मी मान हलवली. "मंग आमाले सांगितलं काऊन नाई?" धुरपताबाई म्हणाली, "तुम्ही विचारलं काऊन नाई?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच बैलबंडीवर गेट मोहापर्यंत आलं. पहिले दोन दिवस सेन्सरवर कचरा अडकून ते उगाच उघडझाप करत होतं, म्हणून वरच्या अंगाले बांबूची जाळी लावली. आता दहा दिवस झाले. मधे दोनदा वरून नहर फोडली गेली, दोन्ही वेळा गेटनं बोडीचं तोंड आपोआप मिटलं. एकदाच मातीचा नळ काढावा लागला.

काल शेवटच्या बांधीत पाणी उभं राहिलं. धुरपताबाईनं वाकून चिखल उचलला आणि माझ्या ओंजळीत दिला. तिची एक बांधी गेली ती गेलीच. त्या पांढऱ्या लोंब्या तिनं बैलांले कापून टाकल्या. मी तुडुमापर्यंत चालत आली, चार किलोमीटर, ओंजळ तशीच धरून. चिखल दगडाले लावला. थोडा राखून घरी आणला आणि बाबांच्या उजव्या तळव्याले लावला. त्यांनी बोटं आवळली, जशी लहान लेकरं आवळतात. मग उशिरापर्यंत धुऊ दिला नाही.

काम सध्या माझ्याकडेच ठेवलं आहे. भूपेशभाऊ म्हणाले, उन्हाळी धानापर्यंत पाहू. साळा नाराज आहे. पाय अजून दुखतात, खेपा तीनच्या दोन झाल्या एवढंच. ओसरीवरचं ते कोरडं ढेकूळ मी सेन्सरपाशी काठावर ठेवलं आहे, यंत्रावर नजर ठेवायले.

तुमच्या चिठ्ठीत एक गोष्ट लिहायची राहिली होती, ती मी बैठकीनंतर घरी एकटी करून पाहिली. तुम्हीही करा. खिडकी लावा, पंखा बंद करा, अगरबत्ती उभी करा आणि धूर सरळ होईपर्यंत श्वास सांभाळून बसा. मग निखाऱ्याजवळ हळूच करंगळी न्या, पण करंगळीकडे पाहू नका. वर, जिथं धूर वळते तिथं पाहा आणि तो हलेपर्यंत मनात मोजा. एक म्हणून होते न होते तोच वरचा धूर हलते. आता करंगळी तिथूनच वर वर नेत चला. मोजायला वेळ कमी कमी राहील, आणि बदलायला धूरही. जिथं दोन्ही पुरेसं वाटेल, तिथं बोट थांबवा, तेच मोहाचं वळण.

आपली,
गोकुळा